जागेवर बसवलेलं इंजिन

आमच्या मोटारीचं इंजिन अधूनमधून गाडीतून उतरून गुऱ्हाळावर जातं, याचा आम्हाला फारसा त्रास नव्हता. ते जायचं, घटकाभर बसायचं आणि अंगाला गुळाचा वास घेऊन परत यायचं. नदीपलीकडे शामराव चौगुल्यांच्या गुऱ्हाळात उसाचा चरक फिरवणारं एक जुनं ऑइल इंजिन आहे. दोघांचं जमतं. वय झालं की बरोबरीच्यांत बसावंसं वाटतं. निवृत्तीनंतर मीही रोज बागेतल्या बाकावर जातो आणि घरचे त्याला प्रोत्साहनच देतात.

हरकत घेतली ती मोटार निरीक्षक लाटकर साहेबांनी. जुन्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर तपासणी लागते. माझी पत्नी कुमुदिनी गाडी घेऊन मैदानात रांगेला लागली, आणि आमचा नंबर येईपर्यंत इंजिन उतरून गेलं. लाटकरांनी बॉनेट उघडलं.

“इंजिन कुठं आहे?”

“गुऱ्हाळावर,” कुमुदिनी म्हणाली.

“कुणाच्या परवानगीनं?”

“विचारून जात नाही ते.”

“त्याच्या जागी दुसरं कुणी?”

“नाही.”

त्यांनी ‘इंजिन गैरहजर’ असा शेरा मारला. येत्या मंगळवारी गाडी पुन्हा आणायची. तेव्हाही इंजिन जागेवर नसेल, तर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात. एवढं सांगून त्यांनी बॉनेट हळुवार मिटलं. सभ्य गृहस्थ.

गाडी कुमुदिनीच्या वडिलांची. तिच्यावरच ती चालवायला शिकली. लग्न करून सासरी आली तीही स्वतः गाडी चालवत. शेजारी मी मुंडावळ्या सांभाळत बसलो होतो. मला अजून गाडी येत नाही.

“भंगारवाला दारात आला तर आधी मला ने म्हणावं,” ती म्हणाली आणि तिनं धाकट्या भावाला बोलावून घेतलं.

जयवंत आला, बॉनेटखाली वाकला आणि म्हणाला, “ताई, ह्याची बैठकच ढिली झालीया.”

इंजिन गाडीत ज्या बैठकांवर बसतं, त्यांना माउंट म्हणतात. दोन लोखंडी पट्ट्या आणि मध्ये रबर. रबरामुळे इंजिनाचे हादरे गाडीला लागत नाहीत. पण रबर पडलं मऊ स्वभावाचं. इंजिनानं जरा नेट लावला की ते जाऊ देतं. उपाय सरळ होता. रबराला रजा द्यायची आणि घरीच भरीव लोखंडाचे माउंट करायचे.

मी तत्काळ अनुमोदन दिलं. तात्पुरत्या माणसाला कायम केलं की तो जागा सोडत नाही, असा आमच्या खात्याचा समज होता. कायम झालेली माणसं प्रत्यक्षात कुठं सापडत, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवलं नाही.

मग अंगणात जे काही सुरू झालं, तसा उत्साह आमच्या घरात मुलीच्या बारशानंतर पहिल्यांदाच आला. जुन्या फाटकाची जाड पट्टी कापली. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कुमुदिनीनं माप उतरवलं. जयवंतनं भोकं पाडली, वेल्डिंग केलं, आणि ठिणग्या उडाल्या की मी लांबून “वा!” म्हणत होतो.

“दाजी, नुसतं वा काय? धरा की हितं!”

“तापलंय ते.”

“मग? गार लोखंड कुणीबी धरंल!”

इंजिन तेवढा वेळ पोत्यावर बसून होतं. सांगितलं असतं तर आपणहून आत गेलं असतं. पण रीत म्हणून साखळीनं उचलून बसवलं. शेवटी जयवंतनं बोल्टांवर नटही वेल्डिंगनं पक्के केले.

“आता हादरं थेट बुडाला बसणार बघ, ताई.”

“बसू देत. गाडी राहिली म्हणजे झालं.”

इंजिन गाडीला कायमचं जोडलं गेलं. त्याच वेळी गाडीही इंजिनाला कायमची जोडली गेली, याचा विचार तिघांपैकी एकानंही केला नाही.

मंगळवारी लाटकरांनी बॉनेट उघडलं. इंजिन जागेवर होतं. त्यांनी बोल्ट हलवून पाहिले, समाधानानं मान हलवली आणि चालवून पाहण्यासाठी कुमुदिनीशेजारी बसले. मी मागे. किल्ली अजून तिच्या पर्समध्ये होती.

इंजिन सुरू झालं. दारं, काचा, सीट आणि माझी कवळी एका सुरात वाजू लागली. गाडी मैदानाच्या फाटकातून बाहेर पडली आणि नदीकडे वळली.

“बा-बाई, गाडी कोण चालवतंय?” लाटकरांनी विचारलं.

कुमुदिनीचे दोन्ही हात मांडीवर होते. “मी नाही.”

“म-मग?”

“इंजिन.”

लाटकरांनी विचार केला. पूल येईपर्यंत विचार केला. “इंजिनानं गाडी चालवणं,” ते म्हणाले, “नि-नियमाला धरूनच आहे.”

पुलावर आम्ही एक एसटी मागे टाकली. उभ्या नोकरीत माझी फाईलसुद्धा कधी कुणाच्या पुढे गेली नव्हती. मी खिडकीतून हात काढून एसटीला टाटा केला. “अहो, हात आत घ्या!” कुमुदिनी ओरडली, पण ती हसत होती.

गुऱ्हाळावर गाडी ऑइल इंजिनाशेजारी जाऊन थांबली. दोघांची धडधड एका ठेक्यात सुरू झाली. काहिलीतला रस उकळत होता. शामराव हात पुसत पुढे आले.

“आज सगळं बिऱ्हाडच घेऊन आलं म्हणायचं! या वहिनी, काकवी घ्या.”

कुमुदिनीनं काकवी घेतली नाही. ती लाटकरांकडे पाहत होती. “साहेब, गाडी राहणार का जाणार?”

लाटकर खाली उतरले, बॉनेट उघडून पुन्हा पाहिलं. “इंजिन गाडीत आहे?”

“आहे.”

“गाडी इंजिनापाशी आहे?”

“आहे.”

“मग गैरहजर कुणीच नाही,” ते म्हणाले आणि बॉनेटवरच कागद ठेवून मंजुरीची सही केली. बॉनेट हलत असल्यामुळे ती त्यांच्या नेहमीच्या सहीपेक्षा सुवाच्य आली.

कुमुदिनीनं डोळे पुसले, काकवीची वाटी मागून घेतली आणि दोनदा भरून घेतली.

दिवस कलता इंजिनानं निघायची धडधड केली. कुमुदिनीनं पुढचं दार उघडलं, क्षणभर थांबली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसली. मी आणि लाटकर मागे बसलो. चालकाची सीट आम्ही मोकळी ठेवली.