दुधाच्या पिशव्यांचं अस्वल

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दोरीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चिमटे लावून वाळत दिसल्या, की समजावं सामंतभावजी घरी आहेत. पिशव्या सगळ्या बिल्डिंगच्या, साबण त्यांचा. कुणी पिशवी टाकली की दारात हजर.

"फेकली म्हणजे कुठे फेकली, वहिनी?"

"डब्यात."

"आणि डब्यातून?"

मग नाला, खाडी, समुद्र करत मला थेट उत्तर ध्रुवावर नेऊन सोडायचे. तिथली पांढरी अस्वलं आपलं प्लॅस्टिक खातात म्हणे. तोवर इकडे माझी भाजी करपलेली.

आणि मी तर प्लॅस्टिकची जुनी भक्त! नवी नवरी असताना प्लॅस्टिकचे गुलाब रोज पुसायची आणि पाहुणे आले की त्यांवर चार थेंब पाणी शिंपडायची. दव! स्वतःला मोठी कलावंत समजायची, येडी.

यंदा सोसायटीच्या गणपतीचा देखावा भावजींनी मागून घेतला. पिशव्या शिवून शिवून पांढऱ्या अस्वलाची मादी उभी केली. जोशीकाकूंनी तिला नंदी समजून हळदकुंकू वाहिलं, ते सोडा. पण तिच्या पुढ्यात पिल्लू होतं. पोट उघडं, आत बाटल्यांची झाकणं, स्ट्रॉ, गुटख्याच्या पुड्या.

सेक्रेटरी म्हणाला, "काका, सणासुदीला मेलेलं पिल्लू? पोट शिवून टाका ना, झोपलंय म्हणू."

"झोपलेलं नाही. मेलंय."

"मग देखावा रद्द."

समजूत घालायला मला वर पाठवलं. गोड बोलून गळ्यात मारण्यात माझा हात कुणी धरत नाही.

"भावजी, झोपलंय म्हणायला काय जातं हो तुमचं?"

ते कितीतरी वेळ एकाच पिशवीची घडी घालत राहिले.

"एकदा म्हटलंय, वहिनी. आमचं बाळ जन्मताच गेलं. सुमन शुद्धीवर आली, बाळ कुठंय म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, झोपलंय. संध्याकाळपर्यंत ती हळू आवाजात बोलत होती. त्याची झोप मोडू नये म्हणून."

भिंतीला भिंत लागून आमची घरं, आणि मला पत्ता नाही. सुमन नेहमी हळू बोलते म्हणून मी तिला चिडवायची.

खाली येऊन सेक्रेटरीला एवढंच सांगितलं, "पिल्लू आहे तसंच राहील. नाहीतर दहाही दिवस आरती मी सांगणार." माझा आवाज सगळ्यांनी ऐकलेला आहे. पिल्लू राहिलं.

पहिल्याच संध्याकाळी पलीकडच्या सोसायटीतल्या एक बाई दर्शनाला आल्या. लांबूनच म्हणाल्या, "अय्या, काय गोड झोपलंय ना!"

भावजींनी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात सुमन गुडघ्यांवर हात टेकून खुर्चीतून उठली.

"झोपलं नाही हो, मेलंय," ती म्हणाली. मंडपात सगळ्यांना ऐकू गेलं. "आपण टाकलेलं त्याच्या पोटात गेलं. या ना अशा जवळ, दाखवते."

भावजी पाठ फिरवून, नीट लागलेली दिव्यांची माळ पुन्हा नीट लावत राहिले.