पास्कू अंकलचं नोव्हा स्कोशिया

भर उन्हाळ्यात, सिडनीतल्या वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये आम्ही आपापल्या गाड्यांची दारं उघडी टाकून डबा खात होतो. पास्कू अंकल एकदम म्हणाले, "आज वारा फार आहे. बोटी सुटल्या नसतील."

झाडाचं पान हलत नव्हतं. समुद्र तर कुठच्या कुठे.

"कुठल्या बोटी, अंकल?"

"शेवंडं पकडणाऱ्या. नोव्हा स्कोशियात लॉबस्टरचा सीझन सुरू व्हायचाय."

अंकल मूळचे वसईचे. मी पुण्याची. दोघंही पॅथॉलॉजी लॅबमध्ये. ते कोविडचं वर्ष होतं. दिवसभर नमुने तपासायचे, आणि टी-रूममध्ये गर्दी नको म्हणून जेवण असं बाहेर. मास्क उतरला रे उतरला की अंकल कॅनडाच्या पूर्व टोकाला पोचलेले असत. तिथे ते आयुष्यात कधी गेले नव्हते, पण बोलताना कायम 'आमच्याकडे'. "आमच्याकडे सफरचंदं उतरली." "आमच्याकडे विद्यापीठं इतकी, की समोरून येणारा एकतर विद्यार्थी, नाहीतर खलाशी." लॅबमधलं कुणी 'हाऊ यू गोइंग, मेट?' म्हणालं की उत्तर येई, 'बिट फॉगी.' सिडनीचं आभाळ तेव्हा निळंशार.

एकदा त्यांनी मला डब्याच्या झाकणात भाताचा नकाशा काढून दाखवला. भोवती कालवणाचा अटलांटिक. "ही चिंचोळी पट्टी बघ. एवढ्याशा जमिनीने धरून ठेवलंय, नाहीतर गेलं असतं वाहून." मग वरच्या टोकाला बोट लावून म्हणाले, "हे केप ब्रेटन. कोळशाच्या खाणी होत्या. बंद झाल्या." आणि तो घास खाऊन टाकला.

बोलता बोलता ते हळू होत जात. कार पार्कच्या भिंतीकडे बघत धुक्यातल्या भोंग्याचं, खाडीच्या तांबूस चिखलाचं असं वर्णन करत, की मलाही क्षणभर गार वाटे.

त्यांची मुलगी सिल्विया तिकडे हॅलिफॅक्सला नर्स होती. त्याच वर्षी तिला मुलगी झाली. सीमा बंद, विमानं बंद. बायको आधीच वारलेली. अंकलनी नात पाहिली ती फोनवर, आणि फोनवर त्यांची गाडी 'जेवलीस का?'च्या पुढे जात नसे.

"एवढं सगळं वाचता कशाला, अंकल?" मी एकदा विचारलं.

"पोरगी उद्या बोलायला लागेल. आजोबाला तिच्या गावचं काहीच ठाऊक नाही, बरं दिसतं का ते?"

पुढे सीमा उघडल्या. अंकल चांगली लांब रजा घेऊन गेले. परत आले त्या दिवशी मी डबा घेऊन मुद्दाम लवकर खाली उतरले. म्हटलं, आज काही आपली सुटका नाही.

"काय काय पाहिलंत?"

अंकलनी डबा मांडीवर ठेवला.

"पोरगी झोपताना माझ्या कानाची पाळी धरते गं."

"आणि बंदर? बागा?"

"सिल्विया रोज म्हणायची, डॅडी, चल, फिरवून आणते. पण ही मांडीवर झोपलेली असायची." ते ओशाळून हसले. "उठवायचं कशाला?"

डबा उघडायचा राहून गेला. कानाची पाळी चिमटीत धरून ते नुसते बसून होते.