बादलीमागचं हसू

"मामा, आमच्या कोशात या आठवड्यात पहिला नंबर कुणाचा आला, ओळख बघू!" भाचीनं सकाळी सकाळी साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून विचारलं.

टेपमामांचं बिस्किट चहात अर्धं बुडालेलं होतं. "मी काय ज्योतिषी आहे?"

"बकेट! तिसऱ्या नंबरवर एकांत, दुसऱ्यावर दुःख, आणि दोघांच्या डोक्यावर बादली!"

बिस्किट गळून चहात पडलं आणि तळाशी गेलं. मामा कपात बघत बसले.

"अंघोळीची का भांड्यांची?" आतून आक्कांनी विचारलं. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. सगळ्या जगाचे टेपमामा त्यांच्या लेखी अजून धाकटेच होते.

"आई, साहित्याची! कोशात नुसतं इंग्रजी 'बकेट' म्हणून आहे. रोज कोण एवढं बघतंय कळत नाही. आमचे सर तर वेडे झालेत."

आता कोण बघतंय ते सांगायला हवं, कारण मामा काही सांगणार नाहीत. ते त्या क्षणी चमच्यानं बिस्किटाचा शोध घेत होते.

भाची ज्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकत होती, तिथल्या भाषा-प्रयोगशाळेत मामांनी टेप फिरवत सगळी नोकरी काढली होती. त्या कॉलेजनं विद्यार्थ्यांसाठी एक कोश केला होता, आधी टेपांवर आणि त्या बुरशीनं जायच्या आत ऑनलाइन. शब्दाचा अर्थ, तो कुठल्या काळातल्या कवितेत येतो, त्यामागे कुठली कथा आहे, सगळं त्यात. कवी लोकांचा काय भरवसा, उद्या कवितेत बादलीसुद्धा आणतील, म्हणून साधे शब्दही घेतले होते. आणि प्रत्येक शब्दापुढे एक चिमुकला कर्णा. तो दाबला की एक बाई तो शब्द म्हणून दाखवायच्या.

त्या उच्चारबाई. हंगामी नोकरीवर आलेल्या, नुसत्या शब्द वाचण्यासाठी. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मधोमध काच. पलीकडे बाई, अलीकडे स्टुलावर मामा. आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, भिंतीवरचं घड्याळसुद्धा बाहेर काढून ठेवलेलं. तेव्हाचे तरणेबांड मामा त्या खोलीत असे घामानं निथळायचे, की संध्याकाळी स्टूल वाळत घालावं लागायचं म्हणतात. बाई एक शब्द वाचायच्या. बरोबर आला की मामा काचेतून अंगठा वर करायचे. पुन्हा घ्यायचा असला की पंजा. वर्षभराचं त्यांचं संभाषण एवढंच. अंगठा आणि पंजा.

'बी' अक्षर चालू असताना बाई "बकेट" म्हणाल्या आणि स्टुलाचा पाय निसटला. मामा आडवे. बाई खळखळून हसल्या. काचेपलीकडून त्यांच्या ओठांवर "लागलं का?" दिसलं. मामांनी जमिनीवरूनच अंगठा वर केला.

तो शब्द पुन्हा वाचून घ्यायला हवा होता. मामांनी घेतला नाही. स्टूल पडल्याचा आवाज कापला, हसू तेवढं ठेवलं. साध्या मोबाइलवर ते ऐकूसुद्धा येत नाही. कुठं कान लावायचा हे माहीत असलेल्यालाच येतं. मामा पडले ते 'बी' अक्षराला, पण त्यांच्या लक्षात आलं 'एम'ला. तिथून पुढे बाईंचे अगदी सोन्यासारखे उच्चार नापास व्हायला लागले. पंजा, पंजा, पंजा. मुळाक्षरं जितकी लांबतील तितकी बरी! पण इंग्रजीत अक्षरं तरी असून असून किती असणार? 'झेड' आला. बाईंचं काम संपलं. त्या दूरच्या गावी, आजारी वडिलांकडे निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "झालं ना सगळं? काही राहिलं नाही ना?"

आणि या शहाण्या माणसानं अंगठा वर केला.

तेव्हापासून दाढीच्या आधी एकदा बादली, दाढीच्या नंतर एकदा बादली, चहाबरोबर बादली, वर्तमानपत्राऐवजी बादली. इतकी वर्षं कोणाला पत्ता लागला नाही. पण कॉलेजनं या आठवड्यात कोशाच्या पहिल्या पानावर 'सर्वाधिक पाहिलेले शब्द' अशी पाटी लावली. विद्यार्थी तर परीक्षा आल्याशिवाय कोशाकडे फिरकत नाहीत. मैदान मोकळं. बादली पहिली आली.

"मग सर काय म्हणाले?" मामांनी कपाकडेच बघत विचारलं.

"सर म्हणाले, ही नव्या पिढीची हाक आहे. बादली म्हणजे आधुनिक माणसाचं रिकामेपण. त्यावर चर्चासत्र घेणार आहेत."

"रिकामी कशानं?" आक्का म्हणाल्या. "भरून ठेवावी की सकाळीच!"

सर म्हणजे इंग्रजीचे विभागप्रमुख. यांना राईचा पर्वत पुरत नसे. त्या पर्वतावर ते घाटरस्ताही बांधायचे. चर्चासत्राची सूचना लागली तशी विद्यार्थ्यांची पाचावर धारण बसली. सर बादलीवर बोलणार म्हणजे परीक्षेत बादली येणार! जो तो कोश उघडून बादली दाबू लागला. पाटीवरचा आकडा फुगला. आकडा फुगला तसे सर फुगले. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं 'बादली : संभाव्य प्रश्न व उत्तरे' काढून विकायला सुरुवात केली. एरवी विद्यार्थी परीक्षेच्या वेळी देव पाण्यात घालतात. यांनी बादलीत घातले. वसतिगृहातल्या एका मुलीनं खरी बादली समोर ठेवून वाचन केलं, आणि शेजारणीनं ती अंघोळीला नेली म्हणून दोघींचं बोलणं बंद झालं.

मामांना आपलं माणूस एकदम बाजारात उभं केल्यासारखं वाटू लागलं. त्यांनी बादली ऐकणं बंद केलं. एक सकाळ गेली. दुसऱ्या सकाळी दाढी करताना हनुवटी कापली.

"धाकट्या, तुझं चित्त कुठं आहे?" आक्कांनी विचारलं.

मामांनी अंगठा वर केला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण चर्चासत्राच्या सकाळी सभागृहातला माइक कुकारे मारायला लागला, आणि कॉलेजात नवीन यंत्रं चालवणारे पुष्कळ असले तरी जुना माइक गप्प करणारा एकच माणूस गावात होता. सरांनी स्वतः फोन केला.

"टेपमामा, धावत या! आणि आलाच आहात तर मूळ उच्चारसुद्धा तुम्हीच ऐकवा. मोठ्या कर्ण्यांवर. वातावरणनिर्मिती होईल."

"मोठ्या कर्ण्यांवर?" मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "सर, नुसतं फळ्यावर लिहिलं तर?"

"छे छे! ध्वनी हाच आत्मा आहे!"

सभागृह खच्चून भरलं होतं. भाची पहिल्या रांगेत. सर अर्धा तास रिकामेपणाबद्दल भरभरून बोलले आणि हात वर करून म्हणाले, "आणि आता, ऐका!"

मामांनी डोळे मिटून बटण दाबलं.

"बकेट," बाई म्हणाल्या. आणि मग छतापासून जमिनीपर्यंत, खिडक्यांच्या काचा शहारतील असं, ते खळखळतं हसू सभागृहभर सांडलं. मामांनी ते इतक्या मोठ्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. पण त्या हसण्याच्या शेपटाला आणखी काहीतरी होतं. कुणीतरी पुरुष अगदी केविलवाण्या सुरात म्हणत होता, "अगं आई गं!"

मामांनी डोळे उघडले. आवाज ओळखीचा होता. घरचाच होता. तेव्हा कापताना हसण्याला धक्का लागू नये म्हणून कात्री जरा लांबून चालवली, त्या फटीतून मामा स्वतःच आत शिरून बसले होते. इतकी वर्षं रोज ऐकूनही त्यांना पत्ता नव्हता. दुसऱ्याच्या आवाजासाठी जीव कानात आणून बसलेल्याला स्वतःचा आवाज कुठला ऐकू येतो?

सभागृह हसून लोळलं. सरांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. त्यांनी संगणक सांभाळणाऱ्याला पुढे बोलावलं. "तुम्ही सांगा हो, या शब्दाची ओढ कुठल्या वयोगटात आहे ते!"

संगणकवाला सरळ माणूस. त्याला कुठं थांबायचं ते कळत नसे. "सर, चर्चासत्राची सूचना लागायच्या आधीचं बघितलं तर फक्त दोन ठिकाणांहून बघत होते. एक याच गावातून. दुसरं लांबून, एका दुसऱ्या गावातून. दोन्हीकडे रोज सकाळी."

"दोन?" हे मामा म्हणाले. माइक आता चांगला झाला होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"दोन. माणूस एवढं एकच एक बघेल असं वाटत नाही. रोबो असणार."

"रोबोच!" बुडत्या सरांना काडीचा आधार मिळाला. "आणि हे असलं सदोष ध्वनिमुद्रण! सोमवारपासून सगळा कोश यंत्राच्या आवाजात. बाईंचा आवाज काढून टाका!"

मामांच्या अंगठ्याची सवय अशी की तो आपोआप वर जायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदाच अर्ध्यावर थांबला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ज्या बोटानं बादली रोज दाबली, त्याच बोटानं ती बुडवली. शनिवारी मामांनी माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला, मोबाइलसमोर ठेवला आणि घरात संचारबंदी लावली. पहिल्यांदा बाईंच्या हसण्यावर शेजारचा मिक्सर चढला. दुसऱ्यांदा हसू संपायच्या आत आक्का म्हणाल्या, "धाकट्या, चहाचं पाणी झालंय!" तिसऱ्यांदा सगळं सुरेख जमलं आणि टेपरेकॉर्डरनं टेप खाल्ली.

भाची दारात उभी राहून बघत होती. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि गुंता सोडवायला लागली.

"मामा, या गावातला रोबो तू आहेस ना?"

मामांनी रीळ उलटं फिरवून बघितलं.

"अरे, मला सांगायचंस! मोबाइलमध्येच उतरवून घेता येतं." तिनं बोटानं काहीतरी केलं. "घे. आता कुणी काढलं तरी तुझ्याकडे राहील."

मामांनी ते एकदा ऐकलं. हसू होतं, आई गं होती. सगळं तसंच होतं, तरी त्यांचा चेहरा उजळला नाही.

"काय झालं? नीट नाही आलं?"

"आलं की." मामा टेपच्या तुकड्याला बोटावर गुंडाळत राहिले. "पण तिकडं दुसरं कोण ऐकत होतं ग? त्याच्याकडे उतरवून द्यायला आहे का कुणी?"

सोमवारी यंत्राचा आवाज आला. स्वच्छ, चकचकीत, उकळत्या पाण्यातून काढल्यासारखा. "बकेट." पुढे काही नाही. पाटीवरून बादली उतरली, दुःख आणि एकांत आपापल्या जागी गेले. झेरॉक्सवाल्याकडे उरलेल्या प्रतींत सामोसे नाहीत तर नाहीत, निदान खिळे तरी बांधून जाऊ लागले. मामा दाढी करायचे, चहा प्यायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे.

गुरुवारी भाची कॉलेजातून धापा टाकत आली. "मामा! कोशात खाली 'दोष कळवा' म्हणून चौकट असते ना? तिथं आजवर कुणी कधी काही लिहिलं नव्हतं. संगणकवाल्याला वाटलं, त्या चौकटीतच दोष आहे. आज तिथं तक्रार आली. त्या दुसऱ्या गावाहून! कोश सगळा इंग्रजी, तक्रार चक्क मराठीत. कुणाबद्दल आहे ते सरांना कळेना, म्हणून त्यानं मला मोबाइलवर पाठवली. वाचू?"

आक्का हात पुसत बाहेर आल्या. भाचीनं वाचलं :

"'बकेट या शब्दाचा उच्चार बदललेला आढळला. नव्या बाई कधीच चुकत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर विश्वास बसत नाही. शिवाय जुन्या नोंदीच्या शेवटी जे गृहस्थ पडले होते, त्यांचा आवाजही काढून टाकलेला आहे. मी तो रोज सकाळी ऐकत असे. वर्षभर त्यांच्याशी काम केलं, पण त्यांच्या तोंडचे तेवढेच तीन शब्द माझ्याकडे होते. त्यांना त्या दिवशी फार लागलं होतं का, हे कोशात कुठंच दिलेलं नाही. मी विचारलं होतं, पण काचेतून फक्त अंगठा दिसला. कृपया माहिती द्यावी, पत्ता खाली देत आहे. मी एकटीच असते, उत्तर केव्हाही आलं तरी चालेल.'"

मामा मोबाइलकडे बघत राहिले. आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी पडद्यासमोर हळूच अंगठा वर केला.

"मामा," भाची म्हणाली, "अंगठा तिकडे पोचत नाही रे. लिहावं लागतं."

"काय लिहू?"

"विचारलंय त्याचं उत्तर."

मामांनी अंगठा खाली आणला. त्याच अंगठ्यानं, एकेक अक्षर हुडकत, त्यांनी तक्रारीखालच्या उत्तराच्या चौकटीत लिहिलं : 'लागलं होतं. बरंच. बाकीचं समक्ष येऊन सांगतो.'

ते बटण दाबेपर्यंत आक्कांनी कपाटावरची बॅग काढून खाली आपटली होती. त्यात घडी केलेले सदरे भरत त्या म्हणाल्या, "निम्मं आयुष्य अंगठा दाखवण्यात घालवलं मेल्यानं! गाडी सकाळची आहे का बघ ग. आणि धाकट्या, तिथं गेल्यावर त्या विचारतील, बसा म्हणून. खुर्ची मागून घे. स्टुलावर बसू नकोस!"