साडूंचा ट्रेलर

साडूंनी कॅम्पर ट्रेलर घेतल्याची बातमी गादीवाल्याच्या घरात फोटोच्या रूपाने आली. बायकोने जेवतानाच फोन त्याच्या ताटासमोर धरला. फोटोत पंपवाले साडू चाकांवरच्या एका पांढऱ्याशुभ्र खोलीला टेकून उभे होते, आणि चेहरा असा की ती खोली त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली असावी.

"ताईने पाठवलाय," बायको म्हणाली. "गाडीच्या मागे जोडायचा आणि निघायचं. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं आहे म्हणे. संडाससुद्धा."

"म्हणजे सुट्टीभर संडास ओढत हिंडणार," गादीवाला म्हणाला. "हौस असते एकेकाला."

बोलला खरा, पण पुढे त्याला जेवण गेले नाही. पंपवाले साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते पाण्याचे पंप विकत, हा गाद्या करून विकत असे, आणि दोघांनी दुकाने जवळजवळ एकदमच थाटली होती. तेव्हापासून साडूंनी काहीही नवीन घेतले की गादीवाल्याच्या छातीत जळजळ सुरू व्हायची. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या मिरचीवर चालत, साडूंवर चालत नसत.

खरे तर जळायचे काही कारण नव्हते. त्याच्याही घरात सुट्टीचा बेत ठरलेला होता. वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांतून समुद्राकाठच्या हॉटेलात जायचे, नवरा, बायको आणि मुलगी. बायकोची अट एकच होती. "ज्या खोलीत शेगडी नाही, त्याच खोलीत मी येणार. आठ दिवस मला गॅसचं तोंड बघायचं नाही." लग्नानंतर तिने इतक्या ठामपणे दुसरे काही मागितले नव्हते, आणि गादीवाल्याने तिला शब्द दिला होता.

पण ट्रेलर त्याच्या डोक्यातून जाईना. दुकानात येईल त्याला तो हिशोब ऐकवू लागला. "वर्षातून दहा दिवस वापरणार. उरलेलं वर्ष ताडपत्री घालून उभा. वर विमा, टायर, जागेचं भाडं! त्यापेक्षा माणूस ऐटीत हॉटेलात राहील की नाही?" एक बाई उशीचे अभ्रे घ्यायला आल्या होत्या. त्या अभ्रे न घेताच गेल्या, पण ट्रेलरचा विमा कसा असतो हे त्यांना पक्के कळले. सासूबाईंच्या घरी सगळे जमले असताना तर त्याने जाहीरच करून टाकले, "मला फुकट दिला तरी त्या डब्यात मी पाय ठेवणार नाही."

"फुकट देतोय कोण?" पंपवाले साडू हसून म्हणाले, आणि सगळे हसले. मधल्या बहिणीचे यजमान, म्हणजे वकील साडू, जरा जास्तच हसले. ते सासूबाईंचे लाडके जावई होते आणि नेहमी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत.

पुढच्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. ट्रेलरमधल्या पलंगावर पाठ धरते, भावोजींना म्हणावे एक गादी करून द्या. गादीवाल्याने मान वळवून बायकोला "वेळ नाही" असे सांगायला लावले. पण त्या क्षणापासून त्याच्या जिवाला चैन पडेना. साडूंच्या पलंगावर गादी कुणाची आहे? आत फोम आहे की कापूस? कडा कशा शिवल्यात? साडू ज्या दिवशी पुन्हा सहलीला निघणार होते, त्या दुपारी त्याने मापाची टेप खिशात घातली, "बँकेत जाऊन येतो" असे बायकोला सांगितले आणि तो साडूंच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेपाशी जाऊन पोचला.

ट्रेलर गाडीला जोडून तयार होता. सामान भरून झाले होते, पण दार उघडेच होते. साडू आणि ताई घरात जेवत होते, ताटवाट्यांचा आवाज बाहेर येत होता. गादीवाल्याने इकडेतिकडे पाहिले आणि ज्या डब्यात तो जन्मात पाय ठेवणार नव्हता, त्यात दोन्ही पाय ठेवले.

आत शिरल्यावर त्याची छाती आणखीच जळू लागली. कपाटे भिंतीत बसवलेली. टेबल घडी होऊन नाहीसे होणारे. खिडकीला जाळी, जाळीला पडदा, पडद्याला झालर. पलंगाची फळी उचलली की खाली सामान ठेवायला प्रशस्त पेटी. त्याने नाक मुरडायचा प्रयत्न केला, पण नाक मुरडावे असे काही सापडेना. मग त्याने गादी दाबून पाहिली. गादी हाताला कळत नाही, पाठीला कळते, असे तो आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे, आणि स्वतः शिवलेल्या प्रत्येक गादीवर तो थोडा वेळ पडून पाहत असे. तसाच तो इथेही पडला. गादी वाईटच होती, मधे खोलगट आणि कडेला टणक. ते पाहून त्याच्या जिवाला इतका गारवा मिळाला की त्याचा डोळा लागला.

जाग आली ती भांडे डोक्यात पडल्यामुळे. वरचे कपाट उघडले होते आणि झाडे खिडकीतून पळत होती. ट्रेलर निघाला होता!

गादीवाल्याचे धाबे दणाणले. त्याने बायकोला फोन लावला. पुढच्या गाडीत ऐकू जाणे शक्य नव्हते, तरी तो कुजबुजत बोलला.

"अगं, मी ट्रेलरमध्ये आहे."

"कुणाच्या?"

"कुणाच्या काय विचारतेस? गावात एकाच माणसाकडे आहे!"

"तुम्ही बँकेत गेला होतात ना?"

"गादी बघायला आत आलो आणि झोपलो. आता हे निघालेत. काय करू?"

"ताईला फोन करते, गाडी थांबवायला सांगते."

"खबरदार!" गादीवाला किंचाळला, पण तेही कुजबुजतच. "जन्मभर हसतील मला. कुठेतरी थांबतील तेव्हा मी हळूच उतरतो."

"उतरा," बायको शांतपणे म्हणाली. "आणि येताना बँकेतून पासबुक भरून आणा."

पेट्रोल पंपावर गाडी थांबली तेव्हा तो दारामागे टपूनच बसला होता. पण बाहेर साडूंचाच आवाज आला. "या ना, बघा की आतून! अहो, लाजता काय, आपलंच घर आहे." कुणीतरी चारचौघे कौतुकाने जमले होते. गादीवाल्याने पलंगाची फळी उचलली, घडीच्या खुर्च्या आणि पांघरुणे यांच्यामध्ये अंग कोंबले आणि फळी ओढून घेतली. पेटीला हवेसाठी भोके होती. त्या भोकांतून त्याला साडूंचे बूट दिसत होते, आणि व्याख्यान ऐकू येत होते.

"हॉटेलात काय असतं हो?" साडू सांगत होते. "दुसऱ्यांनी वापरलेल्या चादरी. इथे माणूस राजा असतो, राजा. बसा ना पलंगावर."

चार माणसे पलंगावर बसली. फळी गादीवाल्याच्या नाकापर्यंत वाकली. "काय सुख आहे!" वरून एक जण म्हणाला. गादीवाल्याचे शरीर आखडले होते, श्वास कोंडला होता, तरी त्याला त्या क्षणी सर्वांत जास्त बोचले ते हेच वाक्य.

पाहुणे उतरेपर्यंत पेट्रोल भरून झाले होते, आणि साडूंनी बाहेरून दाराला कडी घातली.

संध्याकाळी ट्रेलर एका तळ्याकाठच्या मैदानात येऊन थांबला. थांबला म्हणजे अर्धा तास पुढेमागे होत राहिला. ताई बाहेरून ओरडत होत्या, "डावीकडे वळवा म्हणजे तो उजवीकडे जाईल! नाही हो, तुमची डावी!" शेवटी कशाला तरी धडकल्याचा आवाज झाला आणि सगळे शांत झाले. गादीवाला पुन्हा पेटीत शिरला. दार उघडले, दोघे आत आले आणि धपकन त्याच्या डोक्यावर बसले.

"ठोकलात ना?" ताई म्हणाल्या.

"थोडासाच चेपलाय."

"मागच्या वेळी घरासमोर ठोकला तेव्हाही थोडासाच होता. मी सांगून ठेवते, स्वयंपाक आज मी करणार नाही. घरी चार शेगड्यांवर करते, इथे दोनवर. पाणी मीच भरायचं, भांडी मीच घासायची. ही सुट्टी माझी आहे की ट्रेलरची?"

"संडासची टाकी मीच रिकामी करतो ना?" साडू कळवळून म्हणाले. "मला काय हौस आहे? पाठीचा नुसता भुगा झालाय. मुलगा यायला तयार नाही. हा घ्यायला तुझी ठेव मोडली, कबूल. माझ्या ठेवी बुडाल्या होत्या म्हणून मोडली. आता हा विकला की तुझे पैसे तुला परत."

पेटीत गादीवाल्याच्या जिवात जीव आला. छातीतली जळजळ एकदम थांबली. इतक्या वर्षांत साडूंचे बोलणे त्याला इतके गोड कधी लागले नव्हते. त्याला वाटले, आपण हसलो तर आवाज होईल, म्हणून त्याने पांघरुणाचा कोपरा तोंडात धरला.

"विकणार कुणाला?" ताईंनी विचारले.

"दुसऱ्या कुणाला? तुझ्या धाकटीच्या नवऱ्याला. तो जळून कोळसा झालाय. तू आणखी दोन फोटो पाठव, तळ्याबिळ्याचे. स्वतः मागायला येतो की नाही बघ."

गादीवाल्याने अंधारात मूठ आवळली. पाठवा फोटो, तो मनात म्हणाला. पाठवा पाहिजे तितके! आता मला सगळे माहीत आहे. बायकोला हॉटेलात नेतो, आणि तिथून तुम्हालाच फोटो पाठवतो.

तेवढ्यात साडूंचा फोन वाजला. हात ग्रीसने भरलेले होते म्हणून ताईंनी स्पीकर लावला. वकील साडू बोलत होते.

"ट्रेलर विकायला काढताय असं आमच्याकडे कानावर आलं. खरं का?"

"विचार आहे," पंपवाले साडू सावध आवाजात म्हणाले.

"मग मला द्या. तुम्ही घेतला त्याच भावात. या सुट्टीत सासूबाईंना घेऊन फिरून येतो म्हणतो. त्यांची फार इच्छा आहे हो. परवाच म्हणाल्या, तुम्ही घेतला असतात तर मी निर्धास्त बसले असते."

गादीवाल्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले. पांढरा ट्रेलर, झालरीचा पडदा, पडद्याआडून हात हलवणाऱ्या सासूबाई, आणि पुढे गाडी चालवणारे वकील. शेगड्या, टाकी, चेपलेला पत्रा, खोलगट गादी, सगळे त्याला पाठ होते. आपल्यासाठीच हे जाळे विणले होते, हेही त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. पण छातीत असा आगडोंब उसळला की तोंड आपोआप उघडले.

"मी घेतो!" पलंग ओरडला. "मी जास्त देतो!"

ताई किंचाळून दाराबाहेर पडल्या. साडू उभे राहिले तसे त्यांचे डोके कपाटावर आपटले. फळी वर आली आणि खांद्यावर घडीची खुर्ची अडकलेला गादीवाला बाहेर निघाला.

"तुम्ही?" साडूंना एवढेच सुचले.

"काय झालं? कोण बोललं?" फोनमधून वकील विचारत होते. "जास्त देतो म्हणाले ना? मी साक्षीदार आहे हं. शब्द दिलाय, आता फिरवता येणार नाही."

वकिलासमोर दिलेला शब्द. गादीवाल्याने खुर्ची खांद्यावरून काढली, उघडली आणि तिच्यावर बसला.

हॉटेलसाठी ठेवलेले पैसे गेले आणि वर आणखी गेले. बायको ओरडली असती तर त्याला बरे वाटले असते, पण ती ओरडली नाही. तिने ट्रेलरला एक चक्कर मारली, आत डोकावून शेगडी पाहिली आणि म्हणाली, "दोनच आहेत." त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. गादीवाल्याला पहिल्यांदाच जळजळ झाली नाही. नुसती लाज वाटली. मुलीने विचारले, "बाबा, आपण समुद्रावर कधी जायचं?" तेव्हा त्याने तिला झालरीचा पडदा उघडून दाखवला.

तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले होते. "तयारी कर," त्या धाकटीला म्हणाल्या. "समुद्रासमोरची मोठी खोली घेतलीये. तू, मी आणि पोरगी. खोलीत शेगडी नाही. मी मुद्दाम विचारून घेतलं."

"आणि हे?" बायकोने नवऱ्याकडे पाहत विचारले.

"त्यांच्याकडे राहायची सोय आहे ना," ताई म्हणाल्या.

अशा रीतीने त्या वर्षी ट्रेलर समुद्राकाठी जाऊन पोचला. उभा मात्र राहिला हॉटेलच्या मागच्या मैदानात, कारण समुद्रासमोर लावायला परवानगी नव्हती. गादीवाला एकटाच येणार होता. पण निघायच्या दिवशी पंपवाले साडू बॅग घेऊन दारात उभे राहिले. ताईंनी घराला कुलूप लावले होते आणि त्यांना जेवायला कुठे जावे ते कळत नव्हते. दोघांनी मिळून ट्रेलर मागे घेताना पत्रा दुसऱ्या बाजूनेही चेपला. मग एकाने भात करपवला, दुसऱ्याने टाकी रिकामी केली, आणि त्या खोलगट गादीवर दोघे एकमेकांकडे पाठ करून पडले. गादी मधे खोल असल्यामुळे दोघांच्या पाठी सारख्या एकमेकींना येऊन भिडत होत्या.

"त्यांनी जेवण खोलीत मागवलं म्हणे," साडू हळूच म्हणाले.

"मला कशाला सांगता?" गादीवाला म्हणाला. त्याच्या छातीत पुन्हा सुरू झाले होते.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. ती आता बोलू लागली होती, आणि आवाजात किती दिवसांनी हसू होते.

"जेवलात का हो? आम्ही आत्ताच पडलो. अहो, इथली गादी काय सांगू तुम्हाला! पाठ टेकली की अंगातला शीणच जातो. अशी गादी मी जन्मात पाहिली नाही."

गादीवाला ताडकन उठून बसला. साडू गडगडत खोलगट भागात गेले.

"कुणाची आहे?" त्याने विचारले. "कडेची शिलाई बघ. कोपऱ्यात कापडी चिठ्ठी असेल. अगं, नाव वाच त्याच्यावरचं, नाव!"

त्याने बराच वेळ फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडे बायको शांत झोपली होती.