शून्य पाऱ्याचा माणूस

विज्ञानापुढे सगळ्यांचं रक्त सारखं. तारापूरला अणुवीजकेंद्र उभं राहत होतं त्या वर्षांत हे तत्त्व पालघर तालुक्यातही पोहोचलं आणि दिनानाथ साहेबांच्या रक्तापाशी येऊन थांबलं.

मासळीतून माणसाच्या अंगात पारा जातो, असं कुठल्याशा परदेशी मासिकात छापून आलं. तपासणी पालघरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख दिनानाथ साहेब यांच्याकडे आली, आणि निकाल लागेपर्यंत सातपाटीच्या मासळीला बोईसरच्या बाजारात बंदी झाली. सातपाटीच्या कोळीण साखरबाईंची चूल मासळीच्या टोपलीवरच पेटायची. त्या स्वतःच रक्त द्यायला आल्या.

"घ्या सायेब, हवा तेवडा घ्या. पन लवकर सांगा. बोंबील घरात पडून हाय."

पद्धत सोपी होती. रक्त आम्लात उकळायचं, त्यात डायथायझोन नावाचं हिरवं रसायन घालायचं. पारा असला की हिरव्याचं नारिंगी होतं. जितकं गडद, तितका जास्त. फक्त तुलनेसाठी अजिबात पारा नसलेलं रक्त हवं.

"माझं घ्या," साहेब म्हणाले. "आमच्या घराण्यात मासळीचा वाससुद्धा कुणी घेतलेला नाही."

सहायक एकनाथने घेतलं. साहेबांची नळी संत्र्यासारखी झाली.

"साहेब, शून्य जरा जास्तच नारिंगी आलंय."

"शून्याशी वाद घालायचा नसतो, एकनाथ. ते नोंदवायचं असतं."

नोंदवलं. साखरबाईंची नळी फिकट निघाली, म्हणजे पारा शून्याहून कमी. पाठोपाठ अख्खी सातपाटी शून्याखाली गेली. साहेबांनी निष्कर्ष काढला, तो तर्कशुद्ध होता: मासळी खाल्ल्याने अंगातला पारा उतरतो. सबब बंदी उठवावी.

"म्हंजे माजी मासळी चांगली?" साखरबाईंनी विचारलं.

"उपलब्ध पुराव्यानुसार, औषधी."

बंदी उठली आणि दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारात साखरबाईंपुढे नवीच रांग लागली. पिशव्या पदराखाली.

"आम्ही खात नाही हो. औषध म्हणून."

"न्या ना बाय! पन औषदाचा भाव येगला हाय."

टोपली दुपारच्या आत रिकामी झाली. हसू नका, आपणही त्या रांगेत असतो, फक्त पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळलेली असती.

प्रयोगशाळेत साहेबांच्या टेबलाखाली फुटलेल्या थर्मामीटरांचा पारा कित्येक महिने तसाच पडून होता. त्यात पाय सोडून साहेब रोज दुपारी आपला शुद्ध शाकाहारी डबा खात.