'डिव्हॉइड'ची कच्ची चिठ्ठी

डी-ताईंनी चष्म्याचं घर उघडलं आणि कपाळावर हात मारला. आत शब्दकोशाची एक पक्की चिठ्ठी होती: 'डिव्हॉइड. विशेषण. एखाद्या गोष्टीचा पूर्ण अभाव असलेला.' खाली उदाहरण, एका उजाड टेकडीचं, अगदी निरुपद्रवी.

ही इथे असेल, तर प्रमुख संपादकांच्या टेबलावर गेली ती कच्ची!

या कार्यालयात ज्याच्याकडे शब्दकोशाचं जे इंग्रजी अक्षर, त्यावरून त्याला हाक मारत. आणि इथली रीत अशी, की शब्द अडला की आधी मनात येईल ते उदाहरण कच्च्या चिठ्ठीवर लिहून हात मोकळा करायचा. मग पक्की लिहायची आणि कच्ची फाडायची. 'डिव्हॉइड'च्या दिवशी ताईंनी नुकतीच प्रमुखांची बोलणी खाल्ली होती, तीही समास अर्धं बोट कमी सोडला म्हणून. हात जरा जास्तच मोकळा झाला. त्यांनी लिहिलं, 'आमच्या प्रमुखांच्या अंगी विनोदबुद्धीचा लवलेश नाही.' आणि फाडली नाही.

प्रमुखांच्या त्याच टेबलावर ताईंना नोकरीत कायम करण्याचा कागद सहीसाठी पडला होता.

माणूस संकटात सापडला की आधी देवाला हाक मारतो आणि मग शेजारच्या टेबलाला. "काका, मेले हो मी!"

"कुठल्या शब्दावर?" एफ-काकांनी मान वर न करता विचारलं.

ताईंनी सांगितलं. काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"हसताय काय? इथे माझी नोकरी चाललीय!"

"नाही जात. साहेबांना मी बाहेर काढतो, तुम्ही आत जाऊन चिठ्ठी बदला. शब्दाचा उगम विचारला की तास गेला समजा."

काका दारातूनच म्हणाले, "सर, एक उगम पाहायचाय, पण तो जाडा ग्रंथ मला काही पेलवत नाही." साहेब लगबगीनं उठून बाहेर आले. ताई आत शिरल्या.

तीनशे चिठ्ठ्यांचा गठ्ठा, वर साहेबांनी स्वतः मारलेली गाठ. नखांनी सुटेना, म्हणून ताईंनी दात लावले. गाठ सुटली, आणि तीनशेच्या तीनशे चिठ्ठ्या जमिनीवर. तिकडे बाहेर काकांनी विचारलेला उगम साहेबांना तोंडपाठ निघाला. ग्रंथ लागलाच नाही, आणि साहेब दारात परत हजर.

"बाई, खाली काय करताय?"

"चिठ्ठ्या... क्रमानं लावतेय, सर."

"सकाळीच लावल्या होत्या मी."

"पुन्हा एकदा खात्री करावी म्हटलं."

"उत्तम! असाच काटेकोरपणा हवा." आणि साहेब पँट वर ओढून शेजारी खालीच बसले. एकेक शब्द मोठ्यानं वाचत चिठ्ठ्या लावू लागले. ताईंनी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, तेव्हा साहेब 'डेव्हिल'वर होते. मग 'डिव्हियस'. मग 'डिव्हाइज'.

"डिव्हॉइड. मागून 'ऑफ' येतंच, नामाच्या आधी लागत नाही. बरोबर. उगम, जुन्या फ्रेंचमधलं रिकामं करणं या अर्थाचं क्रियापद. छान. उदाहरण..."

साहेबांनी चष्मा सारखा करून चिठ्ठी जवळ धरली.

"हे सकाळीच वाचलं होतं मी."

"सर, ते मी रागाच्या भरात..."

"घाबरू नका. खरं लिहायला छाती लागते." साहेबांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मी नऊ वर्षं काढलीत त्यांच्या हाताखाली."

"कुणाच्या?"

"आधीच्या प्रमुखांच्या! एकदासुद्धा हसला नाही हो तो माणूस. तुम्ही त्यांना पाहिलंही नाहीत, तरी किती अचूक पकडलंत! फक्त एक चूक आहे. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तेव्हा भूतकाळ करा."

ताईंनी तिथल्या तिथे भूतकाळ केला. साहेबांनी चिठ्ठीवर सही केली, मग उठून टेबलावरच्या कागदावरही केली.

बाहेर एफ-काका दाराला कान लावूनच उभे होते. "काय झालं, ताई?"

ताई खुर्चीत बसल्या.

"उदाहरण मंजूर झालं, काका," त्या म्हणाल्या. "पुराव्यासकट."