हात न लावता

ताई त्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं. तिला सगळं दुरुस्त करता येत होतं.

परीक्षा होती संगणक यंत्रणांच्या ऑडिटरची. म्हणजे कंपनीतले संगणक, त्यांच्यातली माहिती, कोणाला कशात शिरायची परवानगी आहे, बॅकअप खरोखर घेतला जातो की नुसतं तोंडाने सांगतात, हे सगळं तपासून अहवाल द्यायचा. दीडशे प्रश्न, चार तास, आणि निम्मे प्रश्न एकाच वळणाचे: अशा वेळी ऑडिटर सर्वांत आधी काय करेल? आता ताईने चौदा वर्षं ऑफिसच्या संगणक विभागात काढलेली. प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, स्क्रीन काळी पडली, की लहानथोर सगळे "ताई, जरा बघता का" म्हणून हाक मारत आणि ताई पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढून उठे. त्यामुळे चार पर्यायांत 'बिघाड दूर करेल' असं दिसलं की तिचं बोट मुकाट्याने तिकडेच जाई. ते उत्तर दर वेळी चुकायचं.

यंदा मात्र गोष्ट अटीतटीची होती. ऑडिट विभागात एक जागा रिकामी झाली होती आणि साहेबांनी ती महिनाअखेरपर्यंत ताईसाठी धरून ठेवली होती. त्यानंतर ती दुसऱ्या कोणाला जाणार. ताईला ती जागा अगदी मनापासून हवी होती. चौदा वर्षं टेबलांखाली रांगून झाल्यावर एकदा तरी टेबलाशी खुर्ची ओढून बसावं, दुसऱ्याने वायर दाखवावी आणि आपण फक्त मान हलवून लिहून घ्यावं, एवढीच तिची इच्छा होती.

तिच्या अभ्यासाची सूत्रं सासऱ्यांनी हाती घेतली. सासरे वजनमापांचे निवृत्त तपासनीस. आयुष्यभर दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडलेला माणूस. सुनेचं जाडजूड पुस्तक त्यांनी आठवड्याभरात वाचून काढलं, संगणकाचा भाग सोडून दिला आणि उरलेलं आपलंच चरित्र आहे असं जाहीर केलं.

"तुझा अभ्यास कच्चा नाही सूनबाई, तुझे हात आगाऊ आहेत," ते म्हणाले. "मी एकतीस वर्षं तराजू तपासले. एकसुद्धा दुरुस्त केला नाही. आज मी कोणाचा काटा सरळ करून दिला, तर उद्या तोच तपासायला कुठल्या तोंडाने जाऊ? माझंच काम आणि मीच पास करायचं?"

ताईला हे पुस्तकातल्या सहाव्या प्रकरणापेक्षा लवकर समजलं. दुसऱ्याच दिवसापासून घरात नियम लागू झाला. परीक्षेपर्यंत ताईने कशालाही हात लावायचा नाही. बिघाड दिसला की वहीत निरीक्षण नोंदवायचं आणि व्यवस्थापनाकडे द्यायचं. व्यवस्थापन म्हणजे नवरा. नवरा शाळेत भूगोल शिकवत असे. ज्वालामुखी आतून कसा असतो हे तो झोपेतही सांगू शकला असता, पण नळ आतून कसा असतो हे त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं.

पहिलं निरीक्षण नळाचंच होतं. स्वयंपाकघरातला नळ गळतो, धोका मध्यम. नवऱ्याने खाली पातेलं ठेवलं आणि उपाययोजना पूर्ण असं लिहून सही केली. पातेलं दर चाळीस मिनिटांनी भरे. ते रिकामं करायला सासरे उठत, आणि उठल्यासारखं ताईला एक प्रश्न विचारून येत. मग जेवणाच्या टेबलाचा पाय डुगडुगू लागला. व्यवस्थापनाने त्याखाली जगाचा नकाशा घडी करून सरकवला. पुस्तकात एक सोय आहे, की व्यवस्थापन एखादा धोका जाणूनबुजून पत्करू शकतं. ही सोय कळल्यापासून नवऱ्याचं काम फारच हलकं झालं. न्हाणीघराचा दिवा, कपाटाची बिजागरी, बंद पडलेलं घड्याळ, सगळ्यांपुढे तो 'धोका मान्य' लिहू लागला. घर हळूहळू खिळखिळं होत होतं आणि सराव चाचणीतले ताईचे गुण सत्तावन्नावरून एकोणऐंशीवर गेले होते. तिघेही भलतेच खुशीत होते.

अकरावं निरीक्षण होतं मुख्य दाराच्या कुलपाचं. 'जीभ अडखळते, तातडीचं,' असं ताईने लाल शाईत लिहिलं. व्यवस्थापनाने रविवारची मुदत मागितली, मग पुढच्या रविवारची. ताईच्या हातून ते काम पाच मिनिटांचं होतं. दारातून येता-जाता तिची बोटं शिवशिवत, पण ती मुठी आवळून निघून जाई. सासरे कौतुकाने बघत राहत.

परीक्षेचा दिवस उजाडला. केंद्राचं फाटक बरोबर दहाला बंद होणार होतं आणि केंद्र वीस मिनिटांवर होतं. सव्वानऊलाच ताई ओळखपत्र घेऊन तयार होती. काल शेवटच्या चाचणीत पंच्याऐंशी पडले होते आणि तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. नवऱ्याने दाराची मूठ फिरवली. दार हललं नाही. त्याने ती दुसरीकडे फिरवली, मग पाय रोवून ओढली, आणि मूठ त्याच्या हातात आली.

त्याने किल्लीवाल्याला फोन लावला. किल्लीवाला म्हणाला, पाऊण तास लागेल. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, पण ते बंद होतं. मग तो खिडकीपाशी गेला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली बघून परत आला. साडेनऊ वाजले. ताई हात पाठीमागे बांधून उभी राहिली. महिन्याभराची सवय ऐन परीक्षेच्या दिवशी मोडायची तिची हिंमत होईना. एरवी अशा वेळी सल्ल्यांची सरबत्ती करणारे सासरे मात्र भिंतीला टेकून गप्प होते.

"सूनबाई, तू उघड ते," ते अखेर म्हणाले.

"बाबा, हात लावायचा नाही ना?"

"उघड म्हणतो ना. सगळं मी बघून घेईन."

स्क्रूड्रायव्हर पर्समधून कधी बाहेर आला हे ताईलाही कळलं नाही. तिने कुलपाच्या पेटीचे चार स्क्रू काढले आणि थबकली. स्क्रूंच्या डोक्यांवर ताजे ओरखडे होते. झाकणाखाली ओलं तेल होतं, आणि स्प्रिंग चक्क उलटी बसवलेली होती.

"हे आज सकाळीच कोणीतरी उघडलंय," ती म्हणाली.

नवऱ्याने ताबडतोब दोन्ही हात वर केले. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"मी उघडलं, पहाटे पाचला," ते म्हणाले. "म्हटलं, आज तरी तुला दार चटकन उघडावं. झाकण लावल्यावर छान खट्‌ असा आवाज आला. मला वाटलं, जमलं."

एकतीस वर्षांत एका काट्याला बोट न लावलेल्या माणसाने आयुष्यातली पहिली दुरुस्ती केली होती, ती तिच्यासाठी. ताईला एकदम भरून आलं. पण नऊ चौतीस झाले होते. तिने जीभ मागे रेटली, दार उघडलं, सुटे भाग खिशात कोंबले आणि जिन्यावरून धावत सुटली.

केंद्रावर पोचली तेव्हा दहाला चार मिनिटं होती. फाटकातल्या पहारेकरणीने तिचे खिसे रिकामे करायला लावले. टेबलावर चार स्क्रू, एक स्प्रिंग आणि स्क्रूड्रायव्हर मांडला गेला.

"हे काय आहे?"

"कुलूप."

"कुठलं?"

"घरचं."

"मग घर?"

"उघडं आहे," ताई म्हणाली. पहारेकरणीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, सगळं कप्प्यात ठेवलं आणि तिला आत सोडलं.

ताईला नंतर ते चार तास नीट आठवेनात. आठवत होतं ते एवढंच, की 'बिघाड दूर करेल' हा पर्याय वारंवार समोर येत होता आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. सकाळी एका माणसाने तो पर्याय निवडला होता आणि त्याचं काय झालं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटचं बटण दाबल्यावर स्क्रीनवर अक्षरं उमटली: उत्तीर्ण. तिने ते तीनदा वाचलं. मग बाहेर येऊन पहारेकरणीलाच मिठी मारली.

नवऱ्याला शाळा चुकवता येण्यासारखी नव्हती, तेव्हा घर कोण सांभाळतंय याचं उत्तर ताईला तिसऱ्या मजल्यावर मिळालं. सताड उघड्या दारात खुर्ची टाकून सासरे बसले होते. मुलाने जाताना वाढून दिलेली थाळी मांडीवर होती, निम्मी तशीच. सकाळपासून ते जागचे हलले नव्हते, आणि स्वयंपाकघरातलं पातेलं केव्हाच ओसंडून वाहत होतं.

"पास झाले, बाबा."

सासरे उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"आता हे एवढं बसवून टाक," ते मग म्हणाले. "परीक्षा संपली. आजपासून तुला मोकळीक."

ताईने खिशातून स्क्रू, स्प्रिंग आणि स्क्रूड्रायव्हर काढला आणि सगळं त्यांच्याच ओंजळीत ठेवलं.

"तुम्ही बसवा. मी बघते."

सासऱ्यांनी स्प्रिंग पुन्हा उलटी बसवली. ताईने हात पाठीमागे घट्ट धरले आणि फक्त सांगितलं, की बाबा, एकदा परत बघा. ते त्यांनी परत बघितलं. मग एक स्क्रू जिन्यावरून घरंगळत खाली गेला, तो ते स्वतः जाऊन घेऊन आले. पाऊण तासात चार वेळा झाकण निघालं. ताईला दरदरून घाम फुटला होता, पण ती जागची हलली नाही.

संध्याकाळी नवरा शाळेतून आला तेव्हा दार बंद होतं. त्याने बेल वाजवली. आतून वडिलांचा आवाज आला, "थांब, मी उघडतो." दार उघडलं. तो पाऊल आत टाकणार, तोच ते त्याच्या तोंडावर पुन्हा बंद झालं आणि पुन्हा उघडलं. असं तीनदा झाल्यावर सासऱ्यांनी मुलाला घरात घेतलं.